‘अमोनिकल’ म्हणजे नेमकं काय? खताचं पोतं, बारावीचं पुस्तक आणि विहिरीचा अहवाल

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी घरातून आला आहे. डीएपीच्या (डायअमोनियम फॉस्फेट या खताच्या) पोत्यावर ‘अमोनिकल नायट्रोजन किमान १५.५ टक्के’ असं छापलंय. बारावीतल्या मुलीच्या रसायनशास्त्रात ‘अमोनियाकल सिल्व्हर नायट्रेट’ येतं. आणि विहिरीच्या पाण्याच्या तपासणी अहवालात ‘अमोनिकल नायट्रोजन (एन म्हणून) १.२ मिलिग्रॅम प्रति लिटर’ असा आकडा आलाय. तिन्हीकडे विशेषण एकच. मग अर्थ एकच का, वावरात त्याचा काही उपयोग आहे का, आणि मराठीत लिहिताना कोणता शब्द वापरावा?

आधी सरळ उत्तर. ‘अमोनिकल’ (किंवा ‘अमोनियाकल’, दोन्ही एकच) हे कोणत्या पदार्थाचं नाव नाही. पुढे जे नाम येतं त्याचं अमोनियाशी काय नातं आहे, एवढंच ते सांगतं. म्हणून पुढचं नाम वाचल्याशिवाय अर्थ लागत नाही. पुढे ‘नायट्रोजन’ आलं तर अर्थ होतो ‘अमोनिया किंवा अमोनियम या रूपात असलेला नत्र’. पुढे एखाद्या द्रावणाचं किंवा क्षाराचं नाव आलं तर ‘ज्यात अमोनियाचं पाणी घातलंय असं द्रावण’. आणि पुढे ‘वास’ आला तर ‘अमोनियासारखा, नाकाला झोंबणारा’. पोतं आणि पाण्याचा अहवाल पहिल्या अर्थात बसतात, बारावीचं पुस्तक दुसऱ्या.

गोंधळ खरा होतो तो अमोनिया आणि अमोनियम या दोघांत. अमोनिया म्हणजे एनएच३, हा वायू आहे. अमोनियम म्हणजे त्याच वायूला पाण्यातला एक हायड्रोजन आयन चिकटून झालेला धन आयन, एनएच४. हा वायू नाही, त्याला वास नाही, तो पाण्यात आणि मातीत बसून राहतो. डीएपीच्या पोत्यात अमोनिया वायू भरलेला नसतो. अमोनियम फॉस्फेटचे दाणे असतात. तरीही विशेषण ‘अमोनिकल’च वापरतात, कारण ही दोन्ही रूपं एकमेकांत सतत बदलत असतात आणि प्रयोगशाळेत ती एकत्रच मोजली जातात. नमुन्यात मॅग्नेशियम ऑक्साइडसारखा सौम्य अल्क घालून तो उकळतात. निघालेला अमोनिया आम्लात पकडून मोजतात. जो नत्र एवढ्याने बाहेर येतो तो अमोनिकल. युरियातला नत्र एवढ्याने सुटत नाही, नायट्रेटमधला तर अजिबात नाही. व्याख्या अशी मोजणीतून आलेली आहे हे लक्षात ठेवलं की पोत्यावरचे आकडे आपोआप उलगडतात.

आता पोतं. भारतात खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार प्रत्येक खताचा एकूण नत्र तर सांगावा लागतोच, पण बहुतेक खतांत तो कोणत्या रूपात आहे हेही ठरवून दिलेलं आहे. डीएपीत एकूण नत्र १८ टक्के. त्यातला किमान १५.५ टक्के अमोनिकल आणि युरिया रूपातला जास्तीत जास्त २.५ टक्के. म्हणजे ५० किलोच्या एका पोत्यात ९ किलो नत्र आणि त्यातला किमान पावणेआठ किलो अमोनियम रूपात. अमोनियम सल्फेटमधला सगळा नत्र, म्हणजे साडेवीस टक्क्यांच्या आसपास, अमोनिकल. बारा-एकसष्ट-शून्यमधला (अशा नावांतले आकडे म्हणजे अनुक्रमे नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के; चौथा असला तर गंधकाचा) १२ टक्केही सगळा अमोनिकल. कॅल्शियम अमोनियम नायट्रेटमध्ये निम्मा अमोनिकल, निम्मा नायट्रेट. तेरा-शून्य-पंचेचाळीसमध्ये अमोनिकल काहीच नाही, सगळा नायट्रेट. एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे विद्राव्य खत तर तिघांचं मिश्रण: नायट्रेट ४, अमोनिकल ४.५ आणि युरिया रूपात १०.५ टक्क्यांपर्यंत. ठिबकमधून हे खत सोडताना ‘लगेच लागू पडतं’ असं सांगतात, पण त्यातला निम्म्याहून जास्त नत्र युरियाचा असतो, त्याला मातीत आधी फुटावं लागतं. लगेच लागू पडणारा भाग म्हणजे नायट्रेटचा आणि काही प्रमाणात अमोनिकल.

युरियाच्या पोत्यावर ‘अमोनिकल’ शब्द सापडणार नाही. त्यात ४६ टक्के नत्र आहे, पण तो अमाइड रूपात. मातीतलं युरिएज हे विकर त्याला फोडून अमोनियम करतं. पावसाळ्यातल्या उबदार, ओल्या मातीत दोन-चार दिवसांत हे काम होतं. म्हणजे पोत्यातून ओतताना नसला तरी आठवडाभरात युरियाही अमोनिकलच होतो. पुढे नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर हे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, त्याला साधारण दोन ते चार आठवडे. पीक अमोनियमही घेतं आणि नायट्रेटही. पण कापूस, सोयाबीन, संत्रा ही कोरडवाहू किंवा निचऱ्याच्या जमिनीतली पिकं मुख्यत्वे नायट्रेट घेतात, कारण त्यांच्या मुळाशी पोहोचेपर्यंत बहुतेक अमोनियमचं नायट्रेट झालेलं असतं.

या सगळ्याचा आपल्याकडे वेगळा विचार का करावा लागतो, तर काळ्या मातीमुळे. विदर्भातल्या भारी काळ्या जमिनीचा सामू (पीएच) सहसा पावणेआठ ते साडेआठ, आणि बऱ्याच वावरांत चुनखडीचे खडे दिसतात. अमोनियम आणि अमोनिया यांचं प्रमाण सामूवर ठरतं. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर शंभर भागांत एक भागही वायू नसतो. सामू ८ ला सुमारे ५ भाग वायू होतात, साडेआठला १५, आणि ९ ला जवळजवळ ३६. उन्ह वाढलं की हे प्रमाण आणखी वर जातं. वायू झालेला भाग हवेत निघून जातो, मग उरलेल्यातून पुन्हा नवा वायू बनतो. अशी गळती चालूच राहते.

युरियाचा तोटा सगळ्यात जास्त होतो तो यामुळेच. युरियाचा दाणा फुटताना त्याच्या भोवतीच्या मातीचा सामू तात्पुरता ९ च्या आसपास चढतो. दाणा वर पडलेला असेल तर निघालेला अमोनिया अडवायला मातीच नसते. सगळ्यात वाईट परिस्थिती म्हणजे बुरबुर पाऊस, ज्याने दाणा विरघळतो पण आत मुरत नाही, आणि त्यावर दोन दिवस कडक ऊन. युरिया फेकल्यावर १५-२० मिलिमीटरचा एक चांगला पाऊस झाला तर दाण्यातला नत्र खाली जातो आणि वाचतो. पावसाचा भरवसा नसेल तर उपाय एकच: झाकणं. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) ओळीपासून वीतभर अंतरावर, ५ ते ७ सेंटिमीटर खोल पेरून वर माती ओढणं. डवऱ्याला सरतं (खत सोडायची नळी) बांधून खत दिलं तर हे एकाच फेरात होतं. हाताने फेकून लगेच डवरणी केली तरी चालतं, पण त्याच दिवशी. फेकणं आज आणि डवरणी तीन दिवसांनी, यात बरंचसं खत उडून गेलेलं असतं.

‘अमोनिकल खत उडत नाही, फक्त युरिया उडतो’ असं कृषी सेवा केंद्रावर सर्रास ऐकायला मिळतं. आम्लधर्मी किंवा उदासीन जमिनीसाठी ते बऱ्यापैकी खरं आहे. चुनखडीच्या जमिनीसाठी नाही. अमोनियम सल्फेट चुनखडीच्या जमिनीवर उघडं टाकलं तर सल्फेट कॅल्शियमबरोबर बसतं आणि उरलेलं अमोनियम कार्बोनेट सहज अमोनिया सोडतं. तोटा युरियाइतका नसतो, पण दुर्लक्ष करण्याजोगाही नसतो. म्हणून आपल्याकडे पोत्यावर ‘अमोनिकल’ वाचलं की तो शब्द ‘मातीआड करा’ अशी सूचना समजून चालायला हरकत नाही.

मातीआड केल्यावर मात्र हाच नत्र काळ्या मातीत फार चांगला टिकतो. काळ्या मातीतल्या चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो, अमोनियमवर धन. त्यामुळे ते कणांना चिकटून राहतं. सतत पाऊस लागला तरी खाली वाहून जात नाही. नायट्रेटवर ऋण भार असल्याने ते पाण्याबरोबर निघून जातं, आणि पाणी साचलेल्या वावरात त्याचा नायट्रोजन वायू होऊन उडतो. जुलै-ऑगस्टच्या झडीत नायट्रेटवाली खतं देण्यात अर्थ नाही तो यामुळे. आणखी एक फायदा असा की मूळ जेव्हा अमोनियम घेतं तेव्हा बदल्यात हायड्रोजन आयन बाहेर टाकतं, त्यामुळे मुळाभोवतीचा पातळसा थर थोडा आम्लधर्मी होतो. चुनखडीच्या जमिनीत स्फुरद, लोह, जस्त अडकलेलं असतं, ते तेवढ्यापुरतं सुटतं. वरूड-मोर्शीकडच्या चुनखडीच्या बागांत संत्र्याची कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, तिथे नत्राचा काही भाग अमोनियम सल्फेटमधून द्यावा तो याच कारणाने. पण त्याने अख्ख्या जमिनीचा सामू खाली येईल अशी आशा करू नये. चुनखडीचा साठा त्यापुढे फार मोठा असतो.

हिशोब करून पाहू. समजा कोरडवाहू कपाशीला एकरी २४ किलो नत्र द्यायचा आहे. पेरणीला डीएपीचं एक पोतं दिलं तर ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद गेला. उरला १५ किलो नत्र. तो युरियातून द्यायचा तर सुमारे साडेबत्तीस किलो युरिया लागेल, म्हणजे ४५ किलोच्या पोत्याचा पाऊण हिस्सा; एकदम न देता दोन हप्त्यांत. तोच अमोनियम सल्फेटमधून द्यायचा तर ७३ किलो लागेल, पण त्यासोबत साधारण १७ किलो गंधकही जाईल. पैशाने युरिया स्वस्त पडतो. जिथे गंधकाची कमतरता माती परीक्षणात दिसली आहे आणि जमीन चुनखडीची आहे, तिथेच अमोनियम सल्फेटचा जास्तीचा खर्च वसूल होतो.

माती परीक्षणाचा विषय निघालाच आहे तर एक खुलासा. अहवालातला ‘उपलब्ध नत्र, किलो प्रति हेक्टर’ म्हणजे मातीतला अमोनिकल नत्र नव्हे. ती चाचणी अल्कधर्मी परमँगनेटने करतात. त्यात सेंद्रिय पदार्थातला सहज फुटणारा नत्रही अमोनिया होऊन निघतो आणि मोजला जातो. २८० च्या खाली कमी, २८० ते ५६० मध्यम, त्यापुढे जास्त. हा आकडा जमिनीची ताकद सांगतो, आज मातीत किती अमोनियम बसलंय ते सांगत नाही.

आता बियाण्याचं. सोयाबीन पेरताना डीएपी आणि बी एकाच पेटीत टाकायची सवय जागोजागी आहे, आणि ओळीत तुटक उगवण झाली की दोष बियाण्याला जातो. डीएपी विरघळल्यावर त्याचं द्रावण अल्कधर्मी असतं, सामू ८ च्या आसपास; वर काळ्या मातीचा सामूही तितकाच. त्यामुळे दाण्याभोवती थोडा का होईना मोकळा अमोनिया तयार होतो, आणि कोवळ्या मुळाला तोच मारतो. मुळाचं पांढरं टोक तपकिरी होऊन वाळतं, बी माती फोडून वर येत नाही. ओल कमी असली तर क्षाराचा ताण त्यात भर घालतो. शिवाय बियाण्याला रायझोबियम लावलेलं असेल तर डीएपीच्या संपर्कात ते जिवाणूही मरतात. खत बियाण्याच्या ५ सेंटिमीटर बाजूला आणि तितकंच खाली पडलं पाहिजे. दोन पेट्यांचं पेरणी यंत्र असेल तर फणांची मांडणी एकदा वावरात थोडं उकरून तपासा. नुसत्या दोन पेट्या असून भागत नाही, दोन्ही नळ्या एकाच खाचेत उतरत असतील तर काही उपयोग नाही. बारा-एकसष्ट-शून्यचं द्रावण आम्लधर्मी असतं, त्यामुळे त्यात हा धोका बराच कमी, पण ते पेरणीचं खत नाही, ठिबकचं आहे. ठिबकमध्ये ते कॅल्शियम नायट्रेटबरोबर एका टाकीत कधीही घालू नका; कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा गाळ बसून ड्रिपर बंद पडतात.

आणखी एक चूक म्हणजे डीएपी किंवा अमोनियम सल्फेट चुलीच्या राखेत किंवा चुन्यात मिसळणं. राख अल्कधर्मी असते. मिसळताच झणझणीत वास येतो. तो वास म्हणजे पोत्यातला नत्र हवेत जाण्याचाच.

हीच गोष्ट उलट वापरून घरच्या घरी तपासणी होते. डीएपीचे आठ-दहा दाणे तळहातावर घ्या, खायचा ओला चुना चिमूटभर टाका आणि तंबाखू मळतात तसे अंगठ्याने मळा. अर्ध्या मिनिटात नाकाला झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वास आला पाहिजे. हात नाकाजवळ नेऊ नका, लांबूनच वास घ्या आणि नंतर हात साबणाने धुवा. मोजण्याच्या पद्धतीत मॅग्नेशियम ऑक्साइड जे काम करतं तेच इथे चुना करतो: अमोनियमला अमोनिया बनवून बाहेर काढतो. वास आलाच नाही तर पोत्यात अमोनिकल नत्र नाही आणि ते डीएपी नाही, हे नक्की. वास आला म्हणून मात्र ते डीएपीच आहे असं होत नाही. वीस-वीस-शून्य-तेरालाही हाच वास येतो, आणि स्फुरद किती आहे हे यातून अजिबात कळत नाही. युरियाला थंड चुन्याने वास येत नाही, कारण त्यातला नत्र अजून अमोनिकल झालेला नसतो. खात्री करायची तर पावती आणि न फोडलेलं पोतं घेऊन तालुका कृषी कार्यालयात खत निरीक्षकाकडे लेखी तक्रार द्या; त्यांनी रीतसर घेतलेला नमुनाच पुढे कायद्यात टिकतो.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानाच्या बांध्यांत चित्र वेगळं आहे. चिखलणी केलेल्या, पाणी भरलेल्या बांधीत वरचा एक-दोन सेंटिमीटरचा थर सोडला तर खाली प्राणवायू नसतो. तिथे अमोनियमचं नायट्रेट होत नाही, ते अमोनियमच राहतं आणि धानाला तेच हवं असतं. नायट्रेट तिथे गेलं की वायू होऊन उडतं. म्हणून धानाला युरिया किंवा अमोनिकल खत द्यायचं, नायट्रेटचं नाही. पण खोल गाडायचं. उभ्या पाण्यात युरिया फेकला की पाण्यातलं शेवाळ दुपारी कर्ब वायू ओढून घेतं, पाण्याचा सामू ९ च्या वर जातो आणि अमोनिया उडायला लागतो. दुसरा हप्ता देताना बांधीतलं पाणी उतरवून चिखलावर द्यावा, एक-दोन दिवसांनी पाणी भरावं; पाणी काढणं शक्य नसेल तर निदान दुपारी देऊ नये. सगळ्यात चांगली पद्धत म्हणजे युरिया-डीएपीच्या गोळ्या. एक गोळी साधारण २.७ ग्रॅमची, रोवणी १५ आणि २५ सेंटिमीटर अशा जोडओळीत करून चार चुडांच्या मध्ये एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. रोवणीच्याच दिवशी, पाय रुतेल एवढा चिखल मऊ असताना. एका आरला सुमारे ६२५ गोळ्या लागतात. मजुरी जास्त लागते हे खरं, पण पुढे नत्राचा हप्ता द्यावा लागत नाही.

‘अमोनिकल वास’ याबद्दल फार सांगायला नको. बैलांच्या कोठ्यात, कोंबड्यांच्या शेडमध्ये मूत्रातला युरिया किंवा विष्ठेतलं युरिक आम्ल फुटून तो येतो. वास येतोय म्हणजे नत्र चाललाय आणि जनावरांच्या डोळ्यांना, फुप्फुसांना त्रास होतोय. मुताचा निचरा करून ते खड्ड्यात घ्या, सोयाबीनच्या कुटाराचा थर पसरा, तूस कोरडं ठेवा. बायोगॅसच्या स्लरीतही बराच नत्र अमोनिकल असतो. स्लरी उन्हात वाळवून मग वावरात नेली तर तोच आधी उडून जातो. ओली असतानाच नेऊन मातीत मिसळावी. धानाच्या तणसावर युरियाची प्रक्रिया करतात (१०० किलो तणस, ४ किलो युरिया, ५०-६० लिटर पाणी, २१ दिवस हवाबंद), तिथेही तयार होणारा अमोनियाच तणस मऊ करतो. त्या तणसाला ‘अमोनियाप्रक्रिया केलेलं’ म्हणतात, ‘अमोनिकल’ नाही. देण्याआधी काही तास पसरून वास जाऊ द्यायचा, आणि युरियाच्या पाण्याची बादली जनावराच्या तोंडाशी कधीही येऊ द्यायची नाही. त्याने जनावर दगावतं.

आता मुलीचं पुस्तक. ‘अमोनियाकल सिल्व्हर नायट्रेट’ म्हणजे टॉलेन्स अभिकर्मक. इथे विशेषणाचा अर्थ ‘अमोनियाच्या द्रावणात विरघळवलेलं’. स्वच्छ परीक्षानळीत २ मिलिलिटर सौम्य सिल्व्हर नायट्रेट घेऊन त्यात सोडियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकला की तपकिरी सिल्व्हर ऑक्साइडचा साका पडतो. मग सौम्य अमोनिया थेंबाथेंबाने, हलवत टाकायचा. साका जेमतेम विरघळला की थांबायचं. तयार होतो तो डायअमाइनसिल्व्हर हा जटिल आयन, ज्यात चांदीच्या एका आयनाला अमोनियाचे दोन रेणू जोडलेले असतात. इथला अमोनिया खरोखर अमोनियाच आहे, अमोनियम नाही. पोत्यावरच्या आणि पुस्तकातल्या अर्थातला फरक इथे स्पष्ट दिसतो. अल्डिहाइड किंवा ग्लुकोज घालून नळी कोमट पाण्यात ठेवली की आतून चांदीचा आरसा चढतो. साध्या किटोनने चढत नाही. बिघडतं ते दोन कारणांनी. नळी तेलकट असेल तर आरशाऐवजी काळी पूड पडते. आणि अमोनिया जास्त झाला तर चाचणी बोथट होते. हे द्रावण कधीही बाटलीत साठवून ठेवायचं नाही. राहिलं की त्यात स्फोटक चांदीची संयुगं बनतात. प्रयोग झाला की सौम्य नायट्रिक आम्ल घालून लगेच ओतून द्यायचं. ‘अमोनियाकल क्युप्रस क्लोराइड’ हाही याच अर्थाचा शब्द, टोकाला तिहेरी बंध असलेला अल्काइन ओळखायला.

मराठीत लिहिताना काय वापरावं, असंही विचारलंय. शेतीच्या पत्रकात ‘अमोनियम स्वरूपातील नत्र’ लिहावं, वाचणाऱ्याला लगेच कळतं. ‘अमोनियायुक्त खत’ टाळावं, त्याने पोत्यात वायू आहे असं वाटतं. अभिकर्मकासाठी ‘अमोनियायुक्त’ मात्र अगदी बरोबर. बर्फाच्या कारखान्यातल्या टाकीतून निसटतो तो ‘अमोनिया’. तिथे विशेषणाची गरजच नाही. मूळ शब्द आला आहे नवसागरावरून (अमोनियम क्लोराइड). लॅटिनमध्ये नवसागराला ‘साल अमोनियाकुस’ म्हणत, म्हणजे प्राचीन लिबियातल्या (आजच्या इजिप्तमधल्या) आमोन देवाच्या देवळाजवळचं मीठ. कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागर टाकतो तेव्हा जो पांढरा धूर आणि झोंबणारा वास येतो, तो या कुळाचाच.

राहिला विहिरीचा अहवाल. ‘एन म्हणून’ याचा अर्थ फक्त नत्राचं वजन मोजलंय. अमोनिया म्हणून किती हे हवं असेल तर १.२२ ने गुणा, अमोनियम म्हणून हवं असेल तर १.२९ ने. दोन प्रयोगशाळांचे अहवाल जुळत नाहीत असं वाटलं की आधी हे शब्द तपासा. बऱ्याचदा फरक एवढाच असतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५००, २०१२ प्रमाणे मर्यादा ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर, नत्र म्हणून. तुमचा आकडा १.२, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. एवढ्या अमोनियमने विषबाधा होत नाही. पण उथळ विहिरीत ते सापडणं म्हणजे जवळून ताजी घाण मुरतेय याची खूण: शेणाचा उकिरडा, शौचालयाचा शोषखड्डा, कोठ्याचं पाणी. घाण जुनी असती तर तोपर्यंत त्याचं नायट्रेट झालं असतं, म्हणून अहवालातला नायट्रेटचा आकडाही सोबत पाहा. त्याची मर्यादा ४५. दोन्ही जास्त असतील तर दूषण जुनं आहे आणि अजून चालूच आहे. ई-कोलायची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या.

अमोनियमचा आणखी एक त्रास गावात कुणी सांगत नाही. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली की क्लोरीन आधी अमोनियमशी जुळून क्लोरामाइन बनवतो, जो जंतू मारायला फार मंद असतो. १ मिलिग्रॅम अमोनिकल नत्र संपवायला ८ ते १० मिलिग्रॅम क्लोरीन लागतो. म्हणजे तुमच्या पाण्यात दर लिटरला १० ते १२ मिलिग्रॅम त्यातच खर्च होईल. त्यात पाण्यातला क्लोरीन तपासायची ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी फसवते, कारण क्लोरामाइननेही ती पिवळी होते. ओटीचा थेंब टाकल्यावर रंग लगेच आला तर मोकळा क्लोरीन आहे. हळूहळू, मिनिटा-दोन मिनिटांनी गडद होत गेला तर तो बहुतेक क्लोरामाइनचा. अशा विहिरीत पावडर वाढवत नेण्यापेक्षा आधी उकिरडा आणि शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर दूर न्या, शक्यतो उताराच्या खालच्या बाजूला. विहिरीचं तोंडीचं बांधकाम उंच करून भोवती ओटा घाला. मग विहीर उपसून पंधरा दिवसांनी दुसरा नमुना द्या. नमुना स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून, थंड ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. तो दोन दिवस उन्हात राहिला तर बाटलीतच अमोनियमचं नायट्रेट व्हायला लागतं आणि आकडा खोटाच कमी येतो. तोपर्यंत प्यायचं पाणी उकळून घ्या.